घाबरलेल्या हाताला कळेल असं टॉर्चचं बटण

(एपिसोडचा लिखित मजकूर. जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना लोकलमध्ये इअरफोन लावूनही काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी खास.)

००:०० | मामांची बॅटरी

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, याला काय झालंय? मागच्या वेळी डेटाबेसवर बोलत होता, आज टॉर्चच्या बटणावर आलाय. पण शेवटपर्यंत ऐका. आजच्या गोष्टीत एक चूक आहे, आणि ती माझी आहे.

माझे मामा जुन्नर तालुक्यात शेती करतात. शेतीला थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा मिळते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की एक-दोन वाजता उठायचं, बांधावरून चालत विहिरीवर जायचं, मोटर चालू करायची, पाणी धरायचं. आजूबाजूला ऊस. उसात काय काय असू शकतं ते जुन्नरच्या माणसाला सांगावं लागत नाही. बिबट्या तर आहेच, पण त्याहून जास्त वेळा भेट होते ती पायाखालच्या मंडळींशी. घोणस, मण्यार, नाग.

मी नोकरीला लागलो आणि पहिल्याच दिवाळीत मामांना ऑनलाईन मागवून एक 'टॅक्टिकल' टॉर्च दिला. काळा ॲल्युमिनियम, पुढे दातेरी कडा, पाच मोड. मामांच्या भाषेत बॅटरी. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आणि आत घालतात ते सेल. मला वाटलं, जुनी पत्र्याची बॅटरी गेली, मामा आता सुरक्षित.

दोन महिन्यांनी मामांचा फोन आला. मोटरीच्या खोलीत बल्ब होता म्हणून त्यांनी बॅटरी बंद केली होती. परत निघाले, बांधावर दोन पावलं टाकली आणि कुकरची शिट्टी वाजावी तसा फुत्कार आला. घोणस. मामांनी बटण दाबलं. उजेड आला तो लखलखणारा, डीजेच्या गाडीवर असतो तसा. त्यात साप नेमका कुठे आहे तेच कळेना. पुन्हा दाबलं, अर्धवट दाबलं गेलं, तर एकदम मंद उजेड. घाबरून जोरात दाबलं, तर बंद! मामा तसेच अंधारात खांबासारखे उभे राहिले. थोड्या वेळाने सळसळ दूर गेली.

फोनवर मामा शांतपणे म्हणाले, "तुझी बॅटरी लई हुशार हाय रं. मला हुशार नको, ऐकणारी दे."

मी बीटेक केलेला माणूस. दिवसभर लोक वापरतील अशी स्क्रीन बनवतो. आणि ज्या एका यूजरचा जीव माझ्या निवडीवर होता, त्याला मी चुकीचा इंटरफेस दिला होता. म्हणून आजचा एपिसोड.

०३:२० | त्या बटणात नेमकं काय झालं?

आता हा आवाज ऐका. [क्लिक] हा मामांचाच टॉर्च आहे, मी परत आणला. उजेड तुम्हाला दिसणार नाही, मी सांगतो तसं डोळ्यासमोर आणा.

मागच्या टोकाला रबरी बटण असतं. त्यात दोन प्रकार येतात. पहिला फॉरवर्ड क्लिकी. बटण हलकं दाबलं की क्लिक व्हायच्या आधीच उजेड येतो. बोट सोडलं की जातो. अजून जोर दिला की क्लिक होतं आणि उजेड कायम राहतो.

दुसरा रिव्हर्स क्लिकी. यात बटण पूर्ण दाबून सोडलं की मग उजेड येतो. बंद असताना अर्धवट दाबून काहीच होत नाही. पण चालू असताना अर्धवट दाबलं तर सर्किट क्षणभर तुटतं आणि बोट सोडलं की पुन्हा जुळतं. स्वस्तातल्या मल्टिमोड टॉर्चमध्ये बहुतेक वेळा हाच प्रकार असतो, आणि मोड बदलायला हेच अर्धवट दाबणं वापरतात.

इथे एक मजेशीर इंजिनिअरिंग आहे. बटण सर्किटच तोडतं, म्हणजे आतल्या चिपची वीजच जाते. मग चिपला कसं कळतं की मोड बदलायचाय? चिप जागी होते आणि स्वतःला विचारते, "मी किती वेळ झोपले होते?" काही डिझाइनमध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यात चार्ज शिल्लक असेल तर झोप क्षणभराची होती. काहींमध्ये चिप स्वतःची रॅम तपासते, आधी लिहून ठेवलेला आकडा अजून पुसला गेलाय का ते बघायला. झोप छोटी असेल तर पुढचा मोड, मोठी असेल तर सुरुवात पहिल्यापासून.

हे झालं बऱ्यापैकी डिझाइन. मामांच्या टॉर्चमध्ये ती झोप मोजायची भानगडच नव्हती. दर वेळी वीज आली की पुढचा मोड, बस्स. मामांनी मोटरीच्या खोलीत तो फुल उजेडावर बंद केला होता, म्हणून पुढच्या वेळी आपोआप दुसराच मोड आला. आणि कापऱ्या बोटाने अर्धवट दाबल्यावर आणखी एक मोड पुढे सरकला.

म्हणजे बटण बिघडलेलं नव्हतं. ज्याने बनवलं त्याच्या मनात होतं तसंच ते चाललं. फक्त बनवताना डोळ्यासमोर टेबलावर निवांत बसलेला माणूस होता.

०६:०० | घाबरल्यावर बोटाचं काय होतं

भीती वाटली की ॲड्रेनलिन वाढतं. काळीज धडधडतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, बोटं गार पडतात, घामेजतात, थरथरतात. पळायला, ढकलायला, मुठीत घट्ट पकडायला शरीर एकदम तयार. पण सुईत दोरा ओवणं, कुलपाची किल्ली नीट लावणं, बटण बरोबर अर्ध्यावर दाबून थांबणं, ही नाजूक कामं कठीण होतात. रात्री दारामागे कुत्रं भुंकत असताना कुलूप उघडून बघा, कळेल.

दुसरी गोष्ट डोक्याची. विल्यम हिक नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दाखवलं की समोर पर्याय जितके जास्त, तितका निर्णयाला वेळ जास्त लागतो. प्रयोगशाळेत निवांत बसून ही गत. पाच मोडचा टॉर्च हातात असलेला घाबरलेला माणूस एकाच बटणातून पाच उत्तरं शोधत असतो, आणि आत्ता आपण कितव्या उत्तरावर आहोत ते त्याला माहीत नसतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात या प्रकाराला नाव आहे, मोड एरर. म्हणजे कृती तीच, पण यंत्र वेगळ्या अवस्थेत असल्याने परिणाम वेगळा. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण कॅप्स लॉक. तुम्ही पासवर्ड अगदी बरोबर टाइप करता आणि तो तीनदा चुकतो, कारण कधीतरी कॅप्स लॉक दाबला गेलेला असतो. कॉपी-पेस्टच्या जनकांपैकी एक, लॅरी टेस्लर, यांना मोडचा इतका तिटकारा होता की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवर 'नो मोड्स' लिहिलेलं होतं.

आता कॅप्स लॉकच्या शेजारी बघा. तिथे शिफ्ट आहे. दाबून धरली तोवर मोठी अक्षरं, सोडली की संपलं. शिफ्ट 'चालू राहून गेली' असं तुमच्याबाबतीत क्वचितच होतं, कारण ती चालू असल्याचं तुमचं बोटच तुम्हाला सांगत असतं. ॲपलमध्ये मॅकिंटॉशचं काम ज्यांनी सुरू केलं त्या जेफ रास्किन यांनी अशा 'दाबून धरायच्या' अवस्थेला क्वाझीमोड असं नाव दिलं. लक्षात ठेवायचं काम डोक्याकडून काढून स्नायूंकडे दिलं की चुका कमी होतात, हे त्यामागचं तत्त्व.

फॉरवर्ड क्लिकीचं अर्धवट दाबणं म्हणजे शिफ्ट. पुढच्या मोडवर सरकत जाणारं बटण म्हणजे कॅप्स लॉक. आजच्या एपिसोडमधलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: घाईच्या वेळी पहिलं दाबणं दर वेळी एकच फळ देणारं हवं, आधी काय झालं होतं याच्याशी त्याचा संबंध नको.

०९:१० | बाजारात काय काय मिळतं

'टॅक्टिकल' हा शब्द पोलीस आणि सैन्याच्या कामातून आलाय. एका हातात शस्त्र, दुसऱ्यात टॉर्च. क्षणभर उजेड टाकायचा, बघायचं, लगेच बंद करायचं, जागा बदलायची. अमेरिकेत १९८० च्या दशकात गाजलेला शुअरफायरचा ६पी टॉर्च घ्या. उजेड फक्त ६५ लुमेन, आजचा साधा एलईडी टॉर्चही त्याच्या पुढे जाईल. मोड एकच. मागचं बटण दाबलं तोवर उजेड, कायम हवा असेल तर मागची टोपी फिरवायची. बस्स. म्हणजे टॅक्टिकलपणा त्या बटणात होता. आज तो शब्द दातेरी कडेला आणि काळ्या रंगाला चिकटलाय.

आता एकेक प्रकार पटापट बघू.

मागचं फॉरवर्ड क्लिकी, एक किंवा दोन मोड. घाईच्या कामाला मला हे सगळ्यात भरवशाचं वाटतं. टॉर्चचं टोक अंधारातही अंगठ्याला सापडतं. पण एक सापळा आहे. मोड जर पटापट दाबून बदलत असतील, तर इशारा म्हणून दोन-तीनदा उजेड पाडायला गेलात की मोडच बदलतो. म्हणून एकच मोड असलेला किंवा डोकं फिरवून उजेड कमी-जास्त होणारा टॉर्च बरा.

मागचं रिव्हर्स क्लिकी. घरात, गाडीत, लाईट गेल्यावर मीटर बघायला ठीक. पहिल्या क्लिकला नेहमी फुल उजेड येत असेल तर चालवून घेता येईल. मामांच्या टॉर्चसारखं दर वेळी पुढचा मोड देणारं असेल तर नकोच.

बाजूचं इलेक्ट्रॉनिक बटण. हे खरं तर चिपला पाठवलेला मेसेज असतो. एक क्लिक, दोन क्लिक, दाबून धरणं, सगळ्यांचे अर्थ वेगळे. अँडुरिल नावाचं एक ओपन सोर्स फर्मवेअर आहे, त्यात बटण धरून ठेवलं की उजेड हळूहळू वाढतो, तीन क्लिकला सेलची पातळी दाखवतो, चार क्लिकला टॉर्च लॉक होतो. मला स्वतःला ते प्रचंड आवडतं, टेबलावर बसून तासभर खेळतो. पण विचार करा, दोन क्लिकला वेगळा अर्थ असेल तर पहिल्या क्लिकनंतर सॉफ्टवेअरला थोडं थांबावंच लागतं, दुसरा येतोय का बघायला. मोबाईल ब्राउझरमध्ये पूर्वी प्रत्येक टॅपनंतर ३०० मिलिसेकंदांचा उशीर व्हायचा तो यामुळेच, डबल टॅपने झूम होतंय का ते बघायला. आणि कापरा अंगठा एका क्लिकच्या जागी तीन क्लिक सहज करतो. गंमत म्हणजे त्याच फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीत मोजकीच कामं ठेवणारा 'सिंपल यूआय' आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात देताना तोच ठेवावा.

बाजूच्या बटणाचा दुसरा त्रास म्हणजे ते शोधावं लागतं. टॉर्च गोल, बटण एका बाजूला. अंधारात टॉर्च हातात फिरवत बसायचं. बटणाभोवती उंचवटा किंवा खाच असेल तर बरं पडतं.

दोन बटणं. मागचं चालू-बंदसाठी, बाजूचं उजेड कमी-जास्त करायला. कामं वेगळी, जागा वेगळी, हे उत्तम. पण दोन्ही बटणं मागेच, एकमेकांना खेटून, स्पर्शाला सारखी, आणि त्यातलं एक लखलखाटाचं असेल तर मामांचा किस्सा पुन्हा घडणार.

सरकवायचं बटण. आपल्या जुन्या पत्र्याच्या बॅटरीचं. पुढे सरकवलं की चालू, मागे घेतलं की बंद. कितीतरी बॅटऱ्यांत त्याला जोडून छोटं बटणही असायचं, दाबलं तोवरच उजेड. पाणी आत जातं, पत्रा गंजतो, हे खरं. पण बॅटरी बंद आहे की चालू हे अंगठ्याला न बघता कळतं. मामा परत तिच्याकडेच वळले होते, आणि त्यांचं चुकलं नव्हतं.

१२:४० | हात सुटला तर?

आता निवडीचा खरा प्रश्न. टॉर्च हातातून पडला तर उजेड राहायला हवा की जायला हवा?

मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला एक हँडल दाबून धरावं लागतं. त्याला डेड मॅन्स हँडल म्हणतात. मोटरमनला चक्कर आली, हात सुटला, तर ब्रेक लागतात. तिथे हात सुटणं म्हणजे धोका, आणि थांबणं म्हणजे सुरक्षितता. मोमेंटरी बटणाचा टॉर्चही तसाच. पोलिसाच्या हातातून पडला आणि जळत राहिला तर तो त्याच्याच अंगावर उजेड टाकेल. त्याच्यासाठी विझलेला बरा.

मामांचं उलट. ते दचकून बॅटरी सोडतील तेव्हा समोर साप आहे. विझलेली बॅटरी गवतात शोधायला हात घालायचा? नाही. त्यांना पडल्यावरही जळत राहणारी बॅटरी हवी. शिवाय मोटरीच्या स्टार्टरला एक हात लागतो, दुसऱ्या हातात काठी. सतत बटण दाबून कोण धरणार? त्यांच्यासाठी क्लिक होऊन कायम राहणारं बटण, पहिल्याच दाबण्याला नेहमी तोच पुरेसा उजेड, आणि जमलं तर कपाळावर हेडलॅम्प.

ट्रेकचं गणित तिसरंच. रात्री कळसूबाईच्या शिड्या चढताना दोन्ही हात लोखंडाला हवेत, म्हणजे हेडलॅम्पच. त्यात पावसाळ्यात धुकं. फुल उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एक चुकीचा फुल मोड ते सगळं घालवतो. म्हणून ट्रेकला पहिलं दाबणं मंद उजेडाचं बरं, आणि फुल उजेड मुद्दाम केलेल्या वेगळ्या कृतीने यावा.

तिघांच्या गरजा वेगळ्या, पण नियम तोच. पहिल्या दाबण्याला काय होणार हे न बघता माहीत असलं पाहिजे.

आणि हो, बॅगेत चुकून चालू होणं हाही बटणाचाच प्रश्न आहे. बाहेर आलेलं बटण पटकन सापडतं पण बॅगेत पटकन दाबलंही जातं. जोरदार टॉर्च कपड्यांत दाबून चालू राहिला तर चांगलाच तापतो. मागची टोपी पाव वळसा सैल करून बघा. आट्यांवर ॲनोडायझिंगचा थर असेल तर सर्किट तुटतं आणि टॉर्च लॉक होतो. फक्त निघताना पुन्हा घट्ट करायला विसरू नका.

१५:०० | "फोनचा टॉर्च आहे की!"

मला माहिती होतं तुम्ही हेच म्हणणार. फोन काढा, स्क्रीन जागी करा, वरून पट्टी खाली ओढा, चिन्ह शोधा, दाबा. आता हेच ओल्या बोटांनी, पावसात करा. काच स्पर्शाने काहीच सांगत नाही, बघावंच लागतं, आणि बघितलं की स्क्रीनच्या उजेडाने डोळे दिपतात. मोटोरोलाच्या फोनमध्ये मनगट दोनदा झटकलं की टॉर्च लागतो, ही कल्पना मला फार आवडते, कारण घाबरलेला हातही झटका मारू शकतो. पण फोनचा चार्ज मदतीला फोन करण्यासाठी राखून ठेवायचाय, हे विसरू नका.

१६:१० | घरी करायची परीक्षा

टॉर्च आला की रिटर्नची मुदत संपायच्या आत एवढं करा.

एक. बंद टॉर्चचं बटण अगदी हळू दाबा. क्लिकच्या आधी उजेड आला तर फॉरवर्ड, क्लिक होऊन बोट सोडल्यावर आला तर रिव्हर्स.

दोन. प्रत्येक मोडमध्ये बंद करून, दहा-वीस सेकंद थांबून पुन्हा चालू करा. दर वेळी तोच उजेड येतोय का?

तीन. वीस उठाबशा काढा, खोलीत अंधार करा, टॉर्च बॅगेत टाका. बॅगेतून काढून चालू करा. असं दहा वेळा. पहिल्याच दाबण्यात हवा तो उजेड किती वेळा आला ते मोजा. खरी भीती याहून वेगळी असते, पण निदान दम लागलेला असतो.

चार. हेच डाव्या हाताने, मग साबणाच्या ओल्या हाताने.

पाच. गादीवर टाकून बघा. उजेड तुम्हाला हवा तसा राहतो किंवा जातो का?

दहापैकी आठ म्हणजे परीक्षेत डिस्टिंक्शन, पण इथे नापास. ते उरलेले दोन कधी येतील ते आपल्या हातात नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी टॉर्च घेताय त्याच्या हातात देऊन ही परीक्षा घ्या. मी तेव्हा माझ्याच हाताने करून बघितली होती. माझा हात वातानुकूलित ऑफिसातला, मामांचा हात खोऱ्याचा. त्यांच्या अंगठ्याची कातडी इतकी जाड आहे की 'अर्धवट दाबणं' त्यांना जाणवतच नाही. हे मला परीक्षा घेतल्यावर कळलं.

१८:३० | मग मामांना काय दिलं?

या वेळी तीन टॉर्च घेऊन गेलो. ओट्यावर लाईट बंद करून मामांना बसवलं आणि काहीही न सांगता एकेक हातात दिला. दोन त्यांनी बाजूला ठेवले. तिसरा, एकच मोड, मोठं रबरी बटण, दाबलं की खटकन लागणारा आणि पुन्हा दाबलं की विझणारा, तो त्यांनी सात-आठ वेळा लावून-विझवून बघितला. मग उठले आणि काठीशेजारच्या खिळ्याला अडकवला. हेडलॅम्पही दिलाय. तो मामी वापरते, पहाटे गोठ्यात.

मामी म्हणाली, "आधी इचारलं असतंस तर दोनदा पैशे गेले नसते." खरंय.

तर मंडळी, आज रात्री घरातला टॉर्च काढा, दिवे बंद करा आणि ती दहा वेळांची परीक्षा घ्या. किती मार्क पडले ते मला कळवा. आई-बाबांची किंवा गावाकडच्या कुणाची परीक्षा घेतलीत तर जास्तच आवडेल. भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर बांधावरून जपून चाला!